रेकॉर्डिंगच्या कॉम्प्युटरवर ड्रायव्हर भांडतात तेव्हा: कोणत्या क्रमाने काय करायचं

हेडफोनमध्ये खरखर आली की बहुतेक जण आधी ड्रायव्हर (जोडलेलं यंत्र कॉम्प्युटरला चालवता यावं म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) उडवतात. फरक पडला नाही की कुठलातरी व्हिडिओ बघून दुसरा ड्रायव्हर टाकतात, मग तिसरा. आठवड्याभराने माझ्यासमोर कॉम्प्युटर येतो तेव्हा रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या यादीत पाच-सहा ड्रायव्हर ओळीने बसलेले असतात आणि त्यातला ऑडिओ इंटरफेसचा (माइक आणि हेडफोन कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्याचा) खरा कोणता, हे मालकालाच सांगता येत नाही.

ड्रायव्हरची भांडणं नवीन काही टाकून मिटत नाहीत, बहुतेक वेळा काहीतरी काढूनच मिटतात. आणि काढायचं तेही शेवटी. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. मध्येच कुठे दुखणं बरं झालं तर तिथेच थांबा, पुढचे टप्पे हौसेने करू नका. सगळं विंडोज १० आणि ११ धरून लिहिलं आहे, मॅकचं शेवटाकडे थोडक्यात आहे.

## तयारी: हात लावण्याआधी

एक कोरा कागद घ्या. मोबाइलमधली नोट नको, कागदच. त्यावर इंटरफेसचं मॉडेल आणि खाली स्टिकरवर छापलेली पिढी (एकाच नावाच्या दोन पिढ्यांना वेगळे ड्रायव्हर लागू शकतात), विंडोजची आवृत्ती, रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरची आवृत्ती, सध्याचा सॅम्पल रेट (दर सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात), बफर (एका वेळी किती नमुने साठवून पुढे पाठवले जातात) आणि केबल कोणत्या पोर्टमध्ये आहे ते लिहा. इंटरफेसच्या कंट्रोल पॅनेलचा (ड्रायव्हरसोबत येणाऱ्या सेटिंगच्या खिडकीचा) फोटो काढून ठेवा.

मग तीन कामं:

१. इंटरफेसचा ड्रायव्हर कंपनीच्याच साइटवरून उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवा. याआधी नीट चालत असलेली जुनी आवृत्ती मिळाली तर तीही ठेवा. लॅपटॉप असेल तर त्याच्या स्वतःच्या स्पीकरचा ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून घ्या.

२. रिस्टोअर पॉइंट बनवा, म्हणजे काही बिघडलं तर विंडोज मागच्या स्थितीला नेता येतं. पुष्कळ कॉम्प्युटरवर सिस्टिम प्रोटेक्शन बंदच असतं, आधी ते सी ड्राइव्हसाठी चालू करावं लागतं.

३. चालू प्रोजेक्टची प्रत दुसऱ्या डिस्कवर टाका.

सावधान: 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट' असं सांगणारी सॉफ्टवेअर लावू नका. ऑडिओच्या बाबतीत त्यांनी घातलेला घोळ निस्तरायला मूळ बिघाडापेक्षा जास्त वेळ जातो.

आणि हे काम रेकॉर्डिंगच्या आदल्या रात्री करू नका. सकाळी दहाला गायक येणार आणि आपण रात्री एकला डिव्हाइस मॅनेजर (विंडोजमधली जोडलेल्या यंत्रांची यादी) उघडून बसलोय, अशा वेळी घाईने चुकीच्या नावावर क्लिक होतंच.

## टप्पा १: दुखणं ड्रायव्हरचंच आहे ना?

आपल्याकडे जुन्या इमारतींत अर्थिंगचा भरवसा नसतो. सतत एकाच सुरात 'हूं' असा गुणगुणाट येत असेल तर ते बहुधा ५० हर्ट्झच्या विजेचं काम असतं. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ऐका. गुणगुणाट थांबला तर ड्रायव्हरला हात लावू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये इंटरफेस दिसतच नसेल, किंवा मध्येच गायब होऊन परत येत असेल, तर संशय आधी केबलवर घ्या. यूएसबी-सी टोकाच्या काही केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यातून डेटा जात नाही. दिसायला दोन्ही सारख्याच. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात घ्यायला गेलात तर 'डेटा केबल' असं स्पष्ट सांगा आणि दुकानातच फोन जोडून फाइल जाते का ते बघा. मध्ये यूएसबी हब असेल तर काढा. डेस्कटॉप असेल तर पुढचं पोर्ट सोडून मागे, थेट मदरबोर्डच्या पोर्टमध्ये लावा.

हे शेवटचं वाक्य मी फुकट लिहिलेलं नाही. एका शनिवारी रात्री खरखरीला कंटाळून मी अख्खं विंडोज नव्याने टाकलं. रविवारी दुपारपर्यंत सगळी सॉफ्टवेअर परत बसवली, हेडफोन लावले, तर खरखर जागच्या जागी. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टची आतली वायर सैल झाली होती. केबल मागे लावल्यावर एका मिनिटात काम झालं.

केबल, पोर्ट आणि वीज यांतून सुटलात तर बाकीच्या तक्रारींची ढोबळ विभागणी अशी: 'डिव्हाइस उघडता येत नाही' असा निरोप आला तर टप्पा २, सूर किंवा लय बदललेली वाटली तर टप्पा ४, ब्राउझरमध्ये आवाज येतो पण रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये नाही, किंवा उलट, तर टप्पा ३ आणि ५, अधूनमधून टिकटिक किंवा आवाज फाटणं असेल तर टप्पा ८.

## टप्पा २: डिव्हाइस कोण धरून बसलंय?

रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर विंडोजच्या मिक्सरला वळसा घालून थेट इंटरफेसशी बोलतं ते 'असिओ' या पद्धतीने. ही पद्धत स्टाइनबर्ग कंपनीची. असिओचे पुष्कळ ड्रायव्हर एका वेळी एकाच सॉफ्टवेअरला दाद देतात. त्यामुळे पहिल्याने धरलं की दुसऱ्याला दार बंद. आपल्याला वाटतं ड्रायव्हर बिघडला.

सगळं बंद करा. ब्राउझर, व्हिडिओ कॉलची सॉफ्टवेअर, गेमिंग हेडसेटचं सॉफ्टवेअर, व्हर्च्युअल मिक्सर किंवा व्हर्च्युअल केबल (एका सॉफ्टवेअरचा आवाज दुसऱ्याकडे वळवणारी सॉफ्टवेअर), स्ट्रीमिंगचं सॉफ्टवेअर. खिडकी बंद केली म्हणजे सॉफ्टवेअर बंद झालं असं नाही. खाली उजव्या कोपऱ्यातला बाण दाबून लपलेली चिन्हं बघा आणि तिथून बाहेर पडा. मग टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीत यातलं जे जे आपोआप सुरू होतं ते बंद करा आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करा.

आता एकटं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर उघडा. चाललं? मग एकेक सॉफ्टवेअर परत सुरू करत जा. ज्याच्यानंतर बिघडलं, तो चोर.

रीपर किंवा क्यूबेस ही रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यांच्या ऑडिओ सेटिंगमध्ये, सॉफ्टवेअर मागे गेलं की ड्रायव्हर सोडून द्यायचा, असा पर्याय आहे. एडिटिंग करताना मध्येच ब्राउझरमध्ये काही ऐकायचं असतं तेव्हा त्याचा उपयोग होतो. रेकॉर्डिंग करताना मात्र तो बंद ठेवा, नाहीतर चुकून दुसऱ्या खिडकीवर क्लिक झालं की ऐन तानेत आवाज जाईल.

## टप्पा ३: विंडोजचा आवाज वेगळा, रेकॉर्डिंगचा वेगळा

माझं मत स्पष्ट आहे: विंडोजच्या टिंगटिंग आवाजांसाठी मदरबोर्डचा साउंड ठेवा आणि इंटरफेस एकट्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला द्या. साउंड सेटिंग्जमध्ये डिफॉल्ट आउटपुट आणि डिफॉल्ट इनपुट दोन्ही मदरबोर्डचे निवडा. एकच हेडफोन असल्यामुळे हे जमत नसेल तर इंटरफेस डिफॉल्ट ठेवायला हरकत नाही, पण मग टप्पा ४ अगदी डोळ्यांत तेल घालून करा.

त्याच खिडकीतून 'मोअर साउंड सेटिंग्ज' (विंडोज १० मध्ये 'साउंड कंट्रोल पॅनेल') उघडा आणि एवढं बघून घ्या:

- मॉनिटरचा एचडीएमआय ऑडिओ वापरत नसाल तर 'डिसेबल' करा. अनइन्स्टॉल केलात तर रीस्टार्टनंतर तो परत येऊन बसतो.
- इंटरफेसच्या प्रॉपर्टीजमध्ये 'एन्हान्समेंट्स' बंद करा.
- 'कम्युनिकेशन्स' टॅबमध्ये 'डू नथिंग' निवडा. विंडोजची मूळ सेटिंग अशी असते की कॉल सुरू झाला की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी खाली आणायचे. कॉलचं सॉफ्टवेअर मागे उघडं असलं की ट्रॅक अचानक बारीक होतो आणि लोक केबल हलवत बसतात.
- प्रायव्हसी सेटिंग्जमध्ये मायक्रोफोनला डेस्कटॉप सॉफ्टवेअरसाठी परवानगी आहे ना, ते बघा. ती बंद असली की ड्रायव्हर ठणठणीत असूनही इनपुटची पट्टी मेल्यासारखी पडून राहते.

ब्लूटूथचे हेडफोन रेकॉर्डिंगच्या कॉम्प्युटरला जोडू नका. त्यांचा माइक चालू झाला की ते फोनकॉलच्या दर्जावर उतरतात, आणि आवाज उशिरा येतो तो वेगळाच.

## टप्पा ४: सॅम्पल रेट तिन्ही ठिकाणी एकच

सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि त्या ऐकूनच ओळखता येतात. इंटरफेस ४८ किलोहर्ट्झवर चालतोय आणि सॉफ्टवेअरने ४४.१ समजून फाइल लिहिली, तर ती वाजताना सुमारे दीड अर्धस्वर खाली येते. काळी चारमध्ये गायलेला अभंग काळी तीन आणि पांढरी पाच यांच्या मध्येच कुठेतरी लटकतो, हार्मोनियमवर कुठल्याच पट्टीशी जुळत नाही. दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग साधारण १० मिनिटं ५३ सेकंदांचं होतं. मग तबलजी म्हणतो मी इतका रेंगाळलो नव्हतो, आणि तो खरंच बोलत असतो.

रेट तीन ठिकाणी बघायचा:

१. इंटरफेसच्या स्वतःच्या कंट्रोल पॅनेलमध्ये.
२. विंडोजमध्ये, इंटरफेसच्या प्रॉपर्टीजच्या 'अॅडव्हान्स्ड' टॅबमध्ये. प्लेबॅक आणि रेकॉर्डिंग दोन्हीकडे. लोक प्लेबॅकचा बदलतात आणि रेकॉर्डिंगचा विसरतात.
३. प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये.

व्हिडिओसाठी काम असेल तर ४८, नुसती गाणी असतील तर ४४.१ सुद्धा चालेल. घरच्या कामाला ९६ कशाला हवंय? कॉम्प्युटरवरचा भार दुप्पट होतो. एक आकडा ठरवा आणि तो भिंतीवर लिहा.

तपासणी: फोनवर तानपुरा लावा, माइकने एक मिनिट रेकॉर्ड करा आणि वाजवताना फोनवरचा तानपुराही चालू ठेवा. दोन्ही एकाच सुरात असले तर पुढे जा.

## टप्पा ५: यादीतली गर्दी कमी करा

रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये ऑडिओ डिव्हाइसची यादी उघडा आणि त्यातलं एकेक नाव कागदावर उतरवा. इंटरफेसच्या कंपनीचा असिओ ड्रायव्हर एक. मग असिओ-फोर-ऑल, रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरसोबत आलेला सर्वसाधारण असिओ, मदरबोर्डच्या साउंडचा असिओ, कधीकाळी विकलेल्या जुन्या इंटरफेसचा असिओ.

असिओ-फोर-ऑलबद्दल गैरसमज फार आहेत. तो इंटरफेसशी थेट बोलत नाही. विंडोजचा जो नेहमीचा ड्रायव्हर आहे त्याच्यावर बसून रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला असिओचा चेहरा दाखवतो. म्हणजे मधला दलाल. घराचा मालक समोर उभा असताना दलाल कशाला? इंटरफेस नसलेल्या लॅपटॉपवर तो उपयोगी आहे, तिथे खुशाल वापरा. पण कंपनीचा स्वतःचा असिओ असताना दोघंही तेच डिव्हाइस धरायला गेले की एक अडकतोच.

कंपनीचा ड्रायव्हर सोडून बाकीचे सेटिंग्जमधल्या अॅप्सच्या यादीतून काढा. एक काढा, रीस्टार्ट करा, तपासा, मग दुसरा. सगळे एकदम काढलेत तर नेमका कोण आडवा येत होता ते कळणार नाही.

यादीत कंपनीचा असिओ नाहीच, तरी इंटरफेसमधून आवाज येतोय? असं होऊ शकतं. २०१७ च्या विंडोज १० आवृत्ती १७०३ पासून यूएसबी ऑडिओ २.० चा ड्रायव्हर विंडोजमध्येच येतो. त्यामुळे इंटरफेस जोडला की गाणी वाजतात आणि ड्रायव्हर टाकलाय असा समज होतो. असिओ मात्र त्यातून मिळालेला नसतो. तुम्ही थेट टप्पा ७ वर जा.

## टप्पा ६: स्वच्छ काढणं

इथवर येऊनही दुखणं असेल तरच इंटरफेसचा ड्रायव्हर काढायचा. क्रम महत्त्वाचा:

१. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर बंद करा आणि इंटरफेसची केबल काढा.
२. अॅप्सच्या यादीतून कंपनीचं पॅकेज अनइन्स्टॉल करा.
३. रीस्टार्ट. शटडाउन करून पुन्हा चालू करणं नव्हे. फास्ट स्टार्टअप चालू असलं की शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर डिस्कवर जपून ठेवले जातात आणि तेच परत उठतात. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. 'मी कॉम्प्युटर बंद करून चालू केला की!' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता आधीच विचारतो, बंद केला की रीस्टार्ट?
४. डिव्हाइस मॅनेजर उघडा, 'व्ह्यू' मध्ये 'शो हिडन डिव्हायसेस' निवडा. 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स' आणि 'ऑडिओ इनपुट्स अँड आउटपुट्स' या दोन शाखा उघडा.

इथे फिकट रंगातली नावं दिसतील. परवा एका लॅपटॉपवर एकाच इंटरफेसची चार फिकट नावं होती, पुढे २, ३, ४ असे आकडे. काही इंटरफेस स्वतःचा सिरीयल नंबर विंडोजला सांगत नाहीत, मग प्रत्येक नव्या पोर्टात लावल्यावर विंडोज त्यांना नवा पाहुणा समजून नवी नोंद करतं. आणि रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर चौथ्या खोलीतल्या पाहुण्याला पहिल्या खोलीत शोधत बसतं.

५. आपल्या इंटरफेसच्या फिकट नावांवर उजवं क्लिक, 'अनइन्स्टॉल डिव्हाइस'. ड्रायव्हरही काढण्याची चौकट दिसली तर त्यावर टिक करा. ती टिक करायची राहून गेली तर जुना ड्रायव्हर विंडोजच्या कोठारात तसाच राहतो आणि केबल जोडताच परत बसतो.
६. पुन्हा रीस्टार्ट.

सावधान: 'सिस्टिम डिव्हायसेस' आणि यूएसबी कंट्रोलरच्या शाखांना हात लावू नका. फिकट दिसतंय म्हणून सगळं पुसत सुटलात तर माऊस-कीबोर्डच बंद पडायचा. नाव ओळखीचं नसेल तर सोडून द्या.

## टप्पा ७: पुन्हा बसवणं

केबल अजून काढलेलीच असू द्या. पेन ड्राइव्हवरचा इन्स्टॉलर उजव्या क्लिकने 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' करून चालवा. तो सांगेल तेव्हाच केबल जोडा, आणि यापुढे कायम ज्या पोर्टात ठेवणार त्याच पोर्टात. कागदावर पोर्टची नोंद करा, पोर्टशेजारी रंगीत चिकटपट्टी लावली तर आणखी बरं. पुन्हा रीस्टार्ट.

फर्मवेअर (इंटरफेसच्या आतलं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेट विचारलं तर थेट केबलनेच करा, लॅपटॉप चार्ज असताना किंवा यूपीएसवर. मध्ये वीज गेली तर इंटरफेस निकामी होऊ शकतो.

जुन्या इंटरफेसचा ड्रायव्हर बसायला नकार देत असेल तर विंडोज सिक्युरिटीमधलं 'मेमरी इंटिग्रिटी' त्याला अडवत असण्याची शक्यता आहे. ते बंद करा असा सल्ला सर्रास दिला जातो. मी देत नाही. ज्या कॉम्प्युटरवर बँकेचं काम होतं तिथे एका जुन्या डब्यासाठी संरक्षण उतरवू नये. आधी नवा ड्रायव्हर आहे का ते शोधा.

## टप्पा ८: ताण देऊन बघणं

नवा, रिकामा प्रोजेक्ट उघडा. एकही प्लगइन (इफेक्टसाठी वगैरे लावायचं जोड-सॉफ्टवेअर) नको. कंपनीचा असिओ निवडा, बफर २५६ ठेवा आणि दहा मिनिटं रेकॉर्ड करा. मग हेडफोनवर पूर्ण ऐका. कंटाळवाणं आहे, पण दर काही मिनिटांनी येणारी एक टिक तीस सेकंदांच्या चाचणीत सापडत नाही.

४८ किलोहर्ट्झला २५६ चा बफर म्हणजे साधारण ५.३ मिलिसेकंद, १२८ म्हणजे २.७, ५१२ म्हणजे १०.७. जाण्यायेण्याचा एकूण उशीर याच्या दुपटीहून थोडा जास्त. गायकाला स्वतःचा आवाज उशिरा येतो म्हणून लोक बफर ६४ वर नेतात आणि टिकटिक ओढवून घेतात. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण (माइकचा आवाज कॉम्प्युटरला वळसा घालून थेट हेडफोनला देणारं) असेल तर ते वापरा. मग ५१२ वरही गायकाला उशीर जाणवत नाही.

रिकाम्या प्रोजेक्टमध्येही टिकटिक येत असेल तर दुसराच कुठलातरी ड्रायव्हर कॉम्प्युटरला अडवून धरतोय. लेटन्सीमॉन हे सॉफ्टवेअर दहा मिनिटं चालवा, एकदा वाय-फाय चालू ठेवून आणि एकदा बंद करून. जास्त वेळ खाणाऱ्या ड्रायव्हरचं नाव ते दाखवतं. वाय-फाय आणि ग्राफिक्स हे नेहमीचे संशयित. वाय-फाय निघाला तर रेकॉर्डिंगपुरतं एअरप्लेन मोड टाका. ग्राफिक्सचा निघाला तर त्याची दुसरी आवृत्ती बसवा.

याच टप्प्यावर वीज वाचवण्याच्या सेटिंग्ज बघा. पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स', त्यातलं 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या 'पॉवर मॅनेजमेंट'मधली टिक काढलेली. वर या शाखेला हात लावू नका म्हटलं ते पुसण्याबद्दल. एवढी टिक काढायला हरकत नाही.

## मॅकवाल्यांसाठी

तुमच्याकडे असिओचा प्रश्नच नाही, कोअर ऑडिओ सगळं सांभाळतो. भांडणं होतात ती 'ऑडिओ मिडी सेटअप'मध्ये. तिथे इंटरफेसचा सॅम्पल रेट बघा, आणि कधीतरी बनवून विसरलेलं अॅग्रिगेट डिव्हाइस (दोन-तीन ऑडिओ डिव्हाइस एकत्र करून बनवलेलं) असेल तर काढून टाका. मायक्रोफोनची परवानगी रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला आहे ना, तेही बघा.

## टप्पा ९: चालतंय तसं ठेवा

नवा रिस्टोअर पॉइंट बनवून त्याला तारीख द्या. विंडोज अपडेटच्या 'ऑप्शनल अपडेट्स'मध्ये ड्रायव्हर दिसले तरी घेऊ नका. मोठं काम हातात असेल तेव्हा अपडेट काही आठवड्यांसाठी थांबवा, काम संपलं की परत चालू करा.

आणि एवढं सगळं करूनही इंटरफेस नाटकं करत असेल, तर खराब झाला म्हणण्याआधी तीच केबल आणि तोच इंटरफेस शेजारच्या कुणाच्या तरी लॅपटॉपला लावून बघा. तिथे नीट चालला तर दोष तुमच्या कॉम्प्युटरचा, म्हणजे लेटन्सीमॉनच्या यादीकडे परत. तिथेही तसाच वागला तर बिल आणि डबा घेऊन सर्व्हिस सेंटर गाठा. तो कागद सोबत न्या. काउंटरवरचा माणूस पहिला प्रश्न 'ड्रायव्हर परत टाकून बघितला का?' हाच विचारणार, तेव्हा तो समोर ठेवता येतो.